कागदाची बोरमाळ, झुमके आणि दाराचं तोरण: मुंबईच्या दमट हवेत टिकेल असं कागदकाम

माझ्या हातचे पहिले कागदी झुमके दादर ते मरीन लाइन्स एवढ्या प्रवासात संपले. भाचीला वाढदिवसाला दिले होते. जुलै महिना, लोकलमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली, बाहेरून एक सर आत आली आणि एका कानातला झुमका उलगडत उलगडत खांद्यावर येऊन टेकला. संध्याकाळी तिचा फोन : "मामा, तुझ्या झुमक्याची शेवई झाली."

लाज वाटायचं कारण असं की मी २६ वर्षं गिरगावातल्या एका छापखान्यात बाइंडिंग केलेलं. कागद आपल्याला कळतो असा माझा समज. पण वहीचा कागद पुठ्ठ्याच्या आत सुखानं नांदतो; कानातल्या कागदाला घाम, पाऊस, अत्तर, ओढणी सगळ्यांशी झुंजायचं असतं. नंतर मी झुमका उघडून पाहिला तेव्हा आतला फेविकॉल अजून पांढुरका होता. म्हणजे तो वाळलाच नव्हता. मी रात्री केला, सकाळी डबीत घातला आणि मोकळा झालो होतो.

तेव्हापासून एक नेम पाळतो : कागदाचं काम निम्मं हाताचं आणि निम्मं वाळवणाचं. पापड-सांडगे घालताना आपण आधी आभाळ बघतो, तसंच इथे. मुंबईत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. कागद म्हणजे शेवटी तंतूच. ते हवेतलं पाणी पितात आणि फुगतात. फेविकॉलही पाण्यातलाच, त्यातलं पाणी उडालं की तो घट्ट होतो. हवाच पाण्यानं भरलेली असेल तर ते पाणी जाणार कुठे? म्हणून राखी-गणपतीच्या भेटी मी मे महिन्यात करून ठेवतो आणि दिवाळीच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात. भर पावसात करायच्याच असतील तर पुढे जिथे जिथे वाळायची वेळ दिली आहे तिथे ती तिप्पट धरा, आणि वाळवण स्वयंपाकघरात ठेवू नका. कुकरच्या वाफेनं दोन दिवसांचं काम मऊ पडतं. पंख्याखाली, भिंतीपासून दूर, ही जागा उत्तम.

आधी कागदाची चाल बघा

छापखान्यात याला ग्रेन म्हणतात. यंत्रावर कागद तयार होताना तंतू बहुतेक एकाच दिशेला आडवे पडतात. त्या दिशेनं कागद सरळ फाटतो, सहज दुमडतो आणि सहज गुंडाळला जातो. उलट दिशेनं फाडलात तर वेडावाकडा जातो, जाड कार्डशीटची घडी घातली तर तिथे पांढरी चीर दिसते. घरी केलेली ग्रीटिंग कार्डं फुगीर आणि उघड्या तोंडाची दिसतात, त्यातल्या निम्म्यांचं कारण हेच असतं.

ओळखायचं कसं? कागदाच्या एकाच कोपऱ्यातून २ सेमी रुंद आणि १० सेमी लांब अशा दोन पट्ट्या कापा, एक उभी, एक आडवी. कुठली कुठून कापली ते पेन्सिलीनं लिहून ठेवा. दोन्ही एकावर एक ठेवून एका टोकाला चिमटीत धरा. जी जास्त वाकून खाली झुकते तिच्यात तंतू आडवे आहेत. जी ताठ राहते तिच्यात तंतू लांबीच्या दिशेनं आहेत. मग पट्ट्यांची जागा बदलून पुन्हा बघा, म्हणजे खात्री होते. दुसरी रीत आणखी सोपी. कागदाच्या एका बाजूला ओलं बोट फिरवा. कागद लगेच वळतो आणि त्याची सुरळी होते. ती सुरळी ज्या दिशेला लांब, तीच तंतूंची दिशा.

एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे : घडी तंतूंच्या दिशेनं घाला, आणि काही गुंडाळायचं असेल तर ज्या काडीवर गुंडाळता तिच्या दिशेला तंतू असू द्या. हातकागदात तंतू सगळ्या दिशांना विखुरलेले असतात, त्यामुळे त्याला हा नियम फारसा लागू नाही.

जाडी जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद ७० ते ८०, क्विलिंगच्या, म्हणजे गुंडाळून नक्षी करायच्या अरुंद, पट्ट्या साधारण १२०, कार्डशीट २५० च्या आसपास. दुकानात 'जाड कागद द्या' म्हणण्यापेक्षा आकडा सांगा. दुकानदाराचा सूर लगेच बदलतो.

खरेदी

क्रॉफर्ड मार्केटच्या मागची अब्दुल रहमान स्ट्रीट हे कागदवाल्यांचं पंढरपूर. सीएसएमटीला उतरून चालत जावं, शक्यतो सकाळी. रविवारी जाऊ नये. क्रेप, कार्डशीट, क्विलिंगच्या पट्ट्या सगळं तिथे मिळतं. दागिन्यांचं सामान, म्हणजे कानातले हुक, कड्या, मणी, गोंडे, डोरी, यासाठी भुलेश्वर. तिथे बराच माल वजनावर किंवा ग्रोसवर विकतात. एक ग्रोस म्हणजे १४४ नग. घरच्या भेटींना एवढे हुक लागत नाहीत, तेव्हा शेजारणीला भागीदार करून घ्या.

हुक घेताना कंजूषपणा नको. स्वस्त हुकांत निकेल असतं आणि पुष्कळ जणींचे कान त्यानं लाल होतात. स्टेनलेस स्टीलचे मागा, किंवा चांदीचे. कागदाचा झुमका पुन्हा करता येतो, चिघळलेला कान मात्र तुमच्या नावावर कायमचा जमा होतो.

बाकी हत्यारं : धारदार कटर आणि दोन-तीन जादा पाती, स्टीलची पट्टी, सुई, गोल तोंडाची छोटी पक्कड, आणि खराट्याचे हीर. बाजारात मणी वळायचं खास साधन मिळतं. मी ते घेतलं आणि पुतण्याला देऊन टाकलं. नारळाच्या खराट्याचा हीर गुळगुळीत असतो, जाडी हवी तशी निवडता येते आणि मोडला तर दुसरा हजर. खराटा नवा घ्या, हे सांगायला नको.

चिकटवण

दागिन्यांना फेविकॉल, आणि तोही सुईच्या टोकावर मावेल एवढाच. जास्त लावला की कागद भिजतो आणि वाळताना आवळतो.

डबीसारख्या मोठ्या पृष्ठभागावर कागद चढवायचा असेल तर आम्हा बाइंडरांची खळ अजून सरस. फेविकॉल धरून बसतो, खळ कागद सरकवून नीट बसवायला वेळ देते. दोन चमचे मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मंद आचेवर सतत ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवा, चिमूटभर तुरटीची पूड घाला आणि गाळून घ्या. उन्हाळ्यात ती दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा. छापखान्यात कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे. घरात, मुलांच्या हाताशी, अंगाला लागणाऱ्या वस्तूत ते अजिबात नको.

बोरमाळ

लांब त्रिकोणी पट्टी काडीवर गुंडाळली की मधे फुगीर, टोकांना निमुळता मणी होतो. हे मी पहिल्यांदा केलं तेव्हा बायको म्हणाली, "हे तर बोर झालं." बोरमाळेला नाव ज्या आकारावरून पडलं, तो आकार कागद आपण होऊन धरतो. सराफाकडच्या बोरमाळेतले मणीही बहुधा भरीव नसतात, आत पोकळ किंवा लाख भरलेले असतात. तेव्हा आपण कागद भरला तर फार मोठा गुन्हा होत नाही.

कागद कुठला? माझा आवडता म्हणजे गेल्या वर्षाचं कालनिर्णय. पातळ, दोन्ही बाजूंनी छापलेला, लाल-काळ्या शाईचा. मणी वळला की एखाद्यावर लाल ७ उमटतो, एखाद्यावर 'संकष्टी'तली अर्धी वेलांटी. एका मैत्रिणीच्या मुलीला लग्नात अशी माळ दिली. तिच्या साखरपुड्याच्या महिन्याचं पान वापरलं होतं. ते तिला सांगेपर्यंत कळलं नाही आणि सांगितल्यावर माळ गळ्यातून निघेना. घरच्या प्रिंटरवर छापलेला कागद घेणार असाल तर जपून : शाईच्या प्रिंटरचा रंग ओल्या फेविकॉलमध्ये पसरतो. लेझर प्रिंट किंवा छापखान्याची छपाई पसरत नाही.

आता आखणी. समजा ए-४ कागद आहे, २१ सेमी रुंद आणि जवळजवळ ३० सेमी लांब. खालच्या आखूड कडेवर कोपरा हीच पहिली खूण धरून दर दीड सेंटिमीटरला खूण करा. वरच्या आखूड कडेवर पहिली खूण पाऊण सेंटिमीटरवर आणि पुढच्या दर दीड सेंटिमीटरला. आता खालची पहिली खूण वरच्या पहिलीला, ती पुन्हा खालच्या दुसरीला अशी नागमोडी जोडत जा. एका कागदातून २७ पूर्ण त्रिकोण निघतात आणि कडेला दोन अर्धे उरतात. मणी दीड सेंटिमीटर लांब आणि मधे साधारण साडेसहा मिलिमीटर जाड होतो. बोरापेक्षा सडपातळ वाटला तर कॅलेंडरच्या मोठ्या पानातून ४५ सेंटिमीटर लांबीचे त्रिकोण कापा. जाडी सात-आठ मिलिमीटरपर्यंत जाते. पट्टीची लांबी वाढली की मणी जाड होतो, पायाची रुंदी वाढली की लांब होतो. हे एकदा हाताला कळलं की पुढे मापं विचारावी लागत नाहीत.

कापताना एका वेळी तीनच्या वर कागद एकत्र घेऊ नका. पातं बोथट झालं की खालचा कागद ओढला जातो आणि त्रिकोणाचं टोक वाकडं होतं.

वळायला घेण्याआधी हिराला मेणबत्ती घासा, नाहीतर मणी हिराला चिकटतो. त्रिकोणाची रुंद बाजू हिरावर ठेवून एक-दोन वेढे कोरडेच द्या. तिथून पुढे टोकापर्यंत फेविकॉलचा पातळ हात फिरवा आणि ओढून धरत वळत जा. सारं कसब यात आहे की त्रिकोणाचं टोक प्रत्येक वेढ्यागणिक मधोमध राहिलं पाहिजे. ते बाजूला सरकलं की मणी गोगलगाईसारखा होतो. सरकलेला दिसताच उलगडा आणि पुन्हा वळा; फेविकॉल ओला आहे तोवर माफी असते. कागद हातातून उसळून सुटत असेल तर तंतूंची दिशा उलटी आहे. तसं असलं तर पट्टी आधी स्टीलच्या पट्टीच्या कडेवरून ओढून घ्या, आपण कागदी रिबिनीला वळ आणतो तशी. पहिले पाच-सहा मणी वाया जाणार, ते धरूनच चाला. सातवा बरा होतो.

वळलेले मणी वाळवायला मी अर्धा बटाटा उपडा ठेवतो आणि त्यात हीर खोचतो, प्रत्येक हिरावर एक मणी. पहिला तासभर अधूनमधून मणी हिरावर फिरवत राहा. ऑक्टोबरात २४ तास पुरतात. मग फेविकॉल आणि पाणी समसमान घेऊन त्याचे दोन हात द्या, दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर ठेवून. ते पूर्ण वाळल्यावर वॉटर-बेस्ड पारदर्शक वॉर्निशचे दोन हात. नुसत्या फेविकॉलवर थांबू नका. घामानं तो पुन्हा चिकट होतो. भाचीच्या झुमक्यांनी मला हा धडा फुकट दिला.

वाळला का ते कसं ओळखायचं? स्टीलच्या ताटलीत मणी वरून सोडा. वाळलेला टण्ण वाजतो. ओला असेल तर शेंगदाणा पडल्यासारखा दबका आवाज येतो. आवाज दबका आला की आणखी एक दिवस.

ओवायला, किंवा आपल्याकडचा जुना शब्द वापरायचा तर गाठवायला, दुपदरी नायलॉन किंवा रेशमी दोरा घ्या. २१ मणी, दोन मण्यांच्या मधे एक ३ मिलिमीटरचा सोनेरी किंवा काळा मणी. एवढ्यात साधारण ३७ ते ३८ सेंटिमीटर माळ भरते. पुढचं काम मागची डोरी करते. डोरीला सरकती गाठ आणि गोंडा ठेवला की हुकाची भानगड राहत नाही आणि कुठल्याही गळ्याला माळ बसते. शेवटच्या मण्यापाशी दोन गाठी मारा आणि गाठीवर फेविकॉलचा थेंब सोडा.

सोनेरी रंगाबद्दल माझं मत : देऊ नका. कागदाला सोनं बनवायला गेलं की तो नाटकातला दागिना दिसतो. कालनिर्णयाचा लाल आकडा दिसू द्यावा.

झुमके

हे क्विलिंगचे. ३ मिलिमीटर रुंदीच्या, साधारण ५० सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्या घ्या. चार पट्ट्या एकापुढे एक चिकटवून घट्ट गुंडाळल्या की दोन सेंटिमीटरची चकती होते, सहा घेतल्या तर जवळजवळ अडीचची. रोजच्या वापराला चार, लग्नाकार्याला सहा. दोन्ही झुमक्यांच्या पट्ट्या आधी मोजून वेगळ्या ठेवा आणि दोन्ही एकाच बैठकीत वळा. आज एक आणि उद्या एक केला की हाताचा ताण बदलतो आणि जोडी जुळत नाही.

पट्टीचं टोक सुईभोवती वळवून सुरुवात करा, मग सुई काढून बोटांनीच गुंडाळत जा. घट्ट, पण दाबून नाही. चकती पूर्ण झाली की शेवटचं टोक चिकटवा आणि दहा मिनिटं थांबा. मग मोठ्या गोटीवर किंवा आमटीच्या पळीच्या पाठीवर चकती ठेवून कडेकडेनं अंगठ्यानं खाली दाबत जा. वेढे एकमेकांवरून सरकतात आणि घुमट तयार होतो. मधेच जोरात दाबलंत तर मधला भाग सुटून कारंज्यासारखा वर येतो. तसं झालं तर रडू नका, पुन्हा सपाट करून पुन्हा बसवा. फेविकॉल लागलेला नसतो तोवर चकती किती वेळा घडवली तरी चालते.

आकार मनासारखा झाला की घुमटाच्या आतून फेविकॉलचा हात द्या. सगळं बळ इथून येतं. पहिला हात पातळ, तो वेढ्यांच्या फटींत शिरू द्या. सहा तासांनी दुसरा, जाडसर. मग पूर्ण एक दिवस वाळवण. माझे पहिले झुमके इथेच फसले, मी एकच हात दिला आणि तोही रात्री अकराला. वाळल्यावर बाहेरून वॉर्निशचे दोन हात आणि आतून एक.

जोडणी. डोळा असलेली पिन, म्हणजे जिच्या एका टोकाला गोल कडी असते ती, घ्या. तिच्या कडीत खाली लोंबणारा छोटा मोती अडकवा. पिन घुमटाच्या आतून वर काढा. आत एक मणी ठेवा म्हणजे कडी भोकातून वर ओढली जाणार नाही. वर घुमटाच्या टोकावर आणखी एक मणी बसवा. उरलेली तार एक सेंटिमीटर ठेवून कापा आणि गोल पक्कडीनं तिची कडी वळवा. त्या कडीत कानातला हुक. घुमटाच्या कडेला मोत्यांची लड हवी असेल तर ती वॉर्निशच्या आधी लावा, नंतर चिकटत नाही.

कोणी रेझिन ओतायला सांगतं. पाण्यापासून बचाव होतो हे खरं, पण मग तो प्लॅस्टिकचा दागिना झाला, आत कागद अडकलेला. शिवाय जड होतो. कागदी झुमक्याची खरी मजा अशी की मोठा असला तरी कानाला ओझं होत नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या कानांची भोकं ओघळली आहेत. तिनं कैक वर्षांनी मोठे झुमके घातले ते हेच.

दाराचं तोरण

राज्यात २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि लालबाग-परळकडे घराघरांत पुन्हा कात्री आणि कागद निघाले. मखर हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. तोरण मात्र एका रविवारचं काम.

झेंडूसाठी क्रेप कागद. त्याच्या सुरकुत्या फुलाच्या पाकळीत उभ्या राहतील अशी ५ सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर लांब पट्टी कापा, म्हणजे सुरकुत्या पट्टीच्या रुंदीत आल्या. पट्टीच्या चार-पाच घड्या घालून एका कडेनं ३ सेंटिमीटर खोल आणि एकेक सेंटिमीटर अंतरावर काप द्या, टोकं गोल करा. उलगडून खालची अखंड कड चुण्या घालत गुंडाळा, दोऱ्यानं करकचून बांधा, मग पाकळ्या आतून बाहेर अशा एकेक ओढून पसरवा. क्रेप ताणला जातो त्यामुळे पाकळीला खोलगटपणा येतो. तीन फुटी दाराला असे पंधरा झेंडू आणि मधे मधे आंब्याची पानं पुरतात. पानं हिरव्या कार्डशीटची, मधली शीर तंतूंच्या दिशेनं दुमडलेली. शीर उलट्या दिशेनं घातली की महिन्याभरात पानं वाकडी होतात, हे मला आमच्याच दारानं दाखवलं.

क्रेपचा रंग पाण्यानं सुटतो, लाल आणि केशरी तर फारच. भिंत नुकती रंगवली असेल तर तोरण चौकटीवर असं बांधा की फुलं भिंतीला टेकणार नाहीत. सोसायटीच्या उघड्या जिन्यात पावसाचे शिंतोडे येत असतील तर क्रेप सोडा, रंगीत कार्डशीटचीच फुलं करा. दिव्यांची माळ गुंफायची असेल तर एलईडीचीच. तापणारा बल्ब कागदाच्या आसपासही नको.

डबी

भेट द्यायची तर डबी हवीच, आणि ती हातकागदाची असली तर निम्मी भेट तीच. हातकागदाशी महाराष्ट्राची जुनी ओळख आहे : जुन्नरचा कागद एके काळी प्रसिद्ध होता, खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचं नावच या धंद्यावरून पडलं, आणि पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० पासून आहे. पुण्याला जाणारं कोणी असेल तर चार मोठे कागद मागवून ठेवा, वर्षभर पुरतात.

झुमक्यांच्या डबीला १२ सेंटिमीटरचा चौकोन घ्या. चारही बाजूंनी ३ सेंटिमीटरवर रेघ आखून, लिहून संपलेल्या बॉलपेननं दाबून घडी पाडा. प्रत्येक कोपऱ्यात एक काप द्या, कोपरे आत वळवून चिकटवा. ६ सेंटिमीटरची, ३ सेंटिमीटर उंच डबी झाली. झाकणाचा चौकोन १०.३ सेंटिमीटरचा आणि घडी २ सेंटिमीटरवर, म्हणजे झाकण तीन मिलिमीटर मोठं होऊन हलक्या हातानं बसतं. हातकागद फारच जाड असेल तर आणखी एक मिलिमीटर वाढवा. झाकणाच्या आत उरलेल्या कालनिर्णयाचा तुकडा खळीनं चिकटवला की आत कुठला दागिना आहे त्याचा अंदाज येतो.

डबीत दागिन्याबरोबर सिलिका जेलची पुडी ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यात, पर्सच्या कप्प्यात ती सापडते. आपण उगाच फेकतो. लहान मूल असलेल्या घरी भेट देत असाल तर पुडीबद्दल तोंडी सांगा. आणि एक चिठ्ठी घाला. मी ती छापत नाही, हातानंच लिहितो : अत्तर आधी, माळ नंतर. पावसात बाहेर जाताना पर्समध्ये. अंघोळीला नको. ओली झालीच तर ओढाताण न करता बटाट्यात हीर खोचून त्यावर एक दिवस वाळत ठेव, आणि मग ताटलीत टाकून आवाज ऐक. नाहीच वाजली तर मामाला फोन कर.